शांत केलेली गाडी

“मग आता जो उरलाय तो आवाज कुठला, बुवा?”

अच्युतराव केळुसकरांनी हे विचारलं, तेव्हा मौजगिरबुवा मठाच्या ओट्यावर बसून पायाची नखं कापत होते. एक पाय झाला होता. दुसरा पुढे घेतला होता.

बुवांनी मान वर केली नाही.

“तू आलास कधी?”

“हा काय, आत्ताच.”

“कळलं नाही.”

यात तक्रार होती. घाटाच्या माथ्यावरच्या या मठात आजवर न कळता कोणी आलं नव्हतं. खालच्या वळणाला गाडी लागली की तिची घरघर वर ऐकू यायची, आणि माणूस ओट्यापाशी पोचेपर्यंत बुवांना भगवं अंगावर घ्यायला, चहाची कपबशी आत सारायला आणि डोळे मिटायला पुरेसा वेळ मिळायचा. लोक म्हणायचे, कोण येणार ते बुवांना आधीच समजतं. खरंच समजायचं.

आज मात्र गाडी थेट फाटकाशी येऊन उभी राहिली, आणि बुवा बनियनवर, नेलकटरसकट सापडले.

अच्युतरावांना ती तक्रार शाबासकीसारखी वाटली. चेहरा घटकाभर उजळला. मग पुन्हा आवळला.

ते रस्तेबांधणी खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाले होते. हा घाटही एके काळी त्यांच्याच अखत्यारीत होता, आणि त्यावरच्या खड्ड्यांबद्दल त्यांनी अनेक उत्तम अहवाल लिहिले होते. अहवाल अजून टिकून आहेत. खड्डेही. तेव्हापासून त्यांचं मठात येणंजाणं होतं. बुवा कलेक्टरालाही अरेतुरे करत, तिथे इंजिनिअराचं काय.

“बैस,” बुवा म्हणाले. “आणि नीट सांग. कसला आवाज?”

अच्युतराव बसले नाहीत. उभ्याउभ्याच सांगू लागले.

गाडी त्यांची जुनीच. डोंगरात जाणारी, चारही चाकांना जोर लागणारी, उंच, दणकट आणि स्वभावाने भांडखोर. रस्ता सोडून नदीपात्रात घातली तरी कुरकुर न करणारी, पण चांगल्या डांबरी रस्त्यावर मात्र आत बसलेल्यांना एकमेकांचं बोलणं ऐकू येऊ न देणारी. पत्र्याचा डबा होता तो. खाली चाकं, मध्ये माणसं.

तिला शांत करायचं त्यांनी मनावर घेतलं.

आधी आतल्या जमिनीचं आच्छादन उपटून पत्र्यावर जाड काळी चिकट चादर बसवली. पत्र्याची थरथर गेली. ती गेल्यावर दारं वाजतात असं लक्षात आलं. दारं उघडून आतून तसंच अस्तर लावलं, कडांची रबरं बदलली. मग टायरांची गुणगुण ऐकू येऊ लागली. खोल दातांचे टायर काढून साध्या दातांचे घातले. मग वारा. टपावरच्या सामानाच्या जाळीतून तो शीळ घालायचा. जाळी उतरवली. बोनेटला आतून अस्तर, सायलेन्सर नवा, जॅक आणि पाने जुन्या रजईत गुंडाळून सीटखाली.

आवाजांचं नातेवाइकांसारखं असतं. पुढचा उठून गेला की त्याच्यामागे बसलेला दिसतो.

“आणि आता?” बुवांनी विचारलं.

“आता एकच राहिलाय. टिक... टिक... असा. फार बारीक. कधी मागून येतो, कधी दारातून. मेकॅनिकला ऐकू येत नाही. मुलाला ऐकू येत नाही. मला येतो.”

“कालिंदीला?”

अच्युतरावांनी फाटकाकडे, बायको बसली होती तिकडे पाहिलं.

“तिला विचारलं नाही.”

बुवांनी आता मान वर केली. फाटकापलीकडे गाडीचं दार उघडं होतं, आणि पुढच्या सीटवर, पाय बाहेर सोडून, कालिंदीबाई संत्रं सोलत बसल्या होत्या. गळ्याला मऊ सुती पंचा गुंडाळलेला. ऊन चढत होतं तरी गुंडाळलेला.

अच्युतराव मग बसले. आवाज खाली आणून त्यांनी खरी गोष्ट सांगितली.

कालिंदीबाई शाळेत मुख्याध्यापिका होत्या. मैदानाच्या या टोकाला उभ्या राहून त्या टोकाच्या पोराला नावानिशी जागच्या जागी थिजवणारा त्यांचा आवाज. पावसाळ्यात घशात गाठ निघाली. ती काढली. आवाज गेला, कुजबुज राहिली. फुंकर घालावी तसं बोलणं. समोरच्याने कान जवळ नेला तर कळावं, नाहीतर नाही. आता गाठ पुन्हा आली होती. गुरुवारी दुसरं ऑपरेशन होतं. या खेपेला कुजबुज तरी राहील का, असं अच्युतरावांनी डॉक्टरांना विचारलं होतं. डॉक्टर भले गृहस्थ. त्यांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. पाठीवर हात ठेवला. अच्युतरावांना तो हात अजून पाठीवर जाणवत होता.

“आणि दवाखान्यात, पहिल्या ऑपरेशननंतर, ती मला म्हणाली...”

त्यांनी पुन्हा गाडीकडे पाहिलं.

“काय म्हणाली?”

“म्हणाली, मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय. इथे नको. गाडीत सांगते.”

त्यात नवल नव्हतं. केळुसकरांच्या घरात नवराबायकोने बोलावं अशी जागाच नव्हती. मुलगा, सून, मुलाचे मित्र, आणि आजारपण लागल्यापासून शहाळी घेऊन येणारी आणि शहाळं संपेपर्यंत न उठणारी माणसं. त्यामुळे जे काही बोलायचं ते वर्षानुवर्षं दोघं गाडीत बोलत आले होते. ओरडून बोलत. पत्र्याच्या डब्यात दुसरा इलाज नव्हता. मुलीचं लग्न असंच ओरडून ठरलं होतं.

पण आता कालिंदीबाईंना ओरडता येत नव्हतं. तेव्हा गाडीने गप्प बसायला हवं होतं. हिशेब सरळ होता, आणि अच्युतरावांनी तो सरकारी कामासारखा नेटाने हाती घेतला.

“रोज संध्याकाळी बाहेर काढतो तिला,” ते म्हणाले. “नुसते फिरतो. आता आत टाचणी पडली तर ऐकू येईल, बुवा. आणि ती बोलतच नाही.”

“एकदाही नाही?”

“एकदाही नाही.”

बुवांनी नेलकटर मिटला.

“आणि तू ठरवलंस, की तो टिकटिक आवाज आहे म्हणून बोलत नाही.”

“दुसरं काय कारण असणार?”

हे विचारताना मात्र अच्युतरावांची नजर बुवांच्या नजरेला भिडली नाही. दुसरी कारणं त्यांना सुचत होती. पहाटे जाग आली की सगळी क्रमाने सुचत. तिला ऑपरेशन नकोच असेल आणि ते कसं सांगावं कळत नसेल. डॉक्टरांनी तिला एकटीला काही सांगितलं असेल. किंवा कधीकाळी आपल्या हातून काही घडलं असेल, जे आपण विसरलो आणि ती विसरली नाही... असं पुष्कळ होतं. निवडायला अडचण व्हावी इतकं होतं.

त्यापेक्षा टिकटिक बरी. ती शोधता येते.

बुवा उठले. भगवं खांद्यावर टाकलं, काठी घेतली आणि फाटकाकडे निघाले. अच्युतरावांना वाटलं, गाडी बघायला चालले. बुवांनी गाडीकडे पाहिलंही नाही. ते कालिंदीबाईंपाशी जाऊन वाकले आणि त्यांनी कान पुढे केला.

बुवांना एका कानाने ऐकू येत नसे. कुठल्या, ते कोणाला सांगत नसत. त्यामुळे त्यांच्याशी बोलणारा माणूस दोन्ही बाजूंनी नम्र राहायचा.

कालिंदीबाई त्यांच्या कानात काहीतरी म्हणाल्या. बुवा हसले. मग बुवा काहीतरी म्हणाले आणि कालिंदीबाई हसल्या. त्यांच्या हसण्याला आता आवाज नव्हता. फक्त खांदे हलत. त्यांनी संत्र्याची एक फोड बुवांच्या हातावर ठेवली.

ओट्यावर बसलेले अच्युतराव अर्धवट उठले. बुवांशी बोलते. बुवांशी बोलते, म्हणजे बोलता येतं तिला.

बुवा परत आले ते फोड चघळत.

“काय म्हणाली?” अच्युतरावांनी विचारलं.

“संत्री आंबट आहेत म्हणाली.”

“आणि?”

“आणि काय. आहेत आंबट.”

बुवांनी संत्र्याची बी अंगणात थुंकली.

मग बुवांनी जाहीर केलं, की आपल्याला सड्यावर जायचंय. मठाच्या वर, डोंगराच्या माथ्यावर काळ्या कातळाचं मोकळं पठार होतं. तिथे एका चौथऱ्यावर त्यांच्या गुरूंच्या पादुका होत्या, आणि बुवा दर सोमवारी तिथे पाणी घालायला जात. एरवी चालत जात. आज सोमवार नव्हता. अच्युतरावांनी तसं सुचवून पाहिलं.

“पादुकांना कुठे माहितीये,” बुवा म्हणाले, आणि पाण्याचा तांब्या भरायला आत गेले.

बुवांना गाडीत बसायची हौस होती. संन्याशाला शोभणार नाही इतकी होती. ते मागच्या सीटवर बरोबर मध्ये बसले, दोन्ही पुढच्या सीटांच्या पाठींवर कोपरं टेकवून, म्हणजे समोरचा रस्ता दिसावा. तांब्या मांड्यांमध्ये धरला. अच्युतरावांनी दारं लावून घेतली, काचा वर केल्या.

जग बंद झालं.

“अरे वा,” बुवा म्हणाले, आणि त्यांचंच बोलणं त्यांना कोणीतरी उशीत तोंड खुपसून बोलल्यासारखं वाटलं असावं, कारण त्यांनी लगेच इकडेतिकडे पाहिलं.

गाडी निघाली. फाटक मागे गेलं, करवंदीच्या जाळ्या सरकत गेल्या, एक बाई डोक्यावर भारा घेऊन बाजूला झाली आणि काहीतरी बोलली. तिचे ओठ हललेले दिसले. सगळं काचेपलीकडे, मुकं. अच्युतरावांनी आरशात बुवांकडे पाहिलं. कौतुकाची वाट पाहिली. बुवा रस्ता बघत होते.

टिक.

अच्युतरावांचे खांदे वर आले.

“हा बघा,” ते पुटपुटले.

टिक... टिक.

कालिंदीबाईंनी त्यांच्याकडे तोंड वळवलं. पंचा जरा सैल केला. ओठ उघडले.

अच्युतरावांचा डावा हात वर गेला. तळवा बाहेर, बोटं जुळलेली. खात्याच्या बैठकीत एखाद्या कनिष्ठाने मध्येच तोंड उघडलं की हाच हात असाच वर जायचा, आणि कनिष्ठ मिटायचा.

“एक मिनिट,” ते म्हणाले. “मागून येतोय. डाव्या बाजूने.”

कालिंदीबाईंनी ओठ मिटले. खिडकीबाहेर पाहू लागल्या.

हात खाली आला, गिअरवर गेला. आवाज थांबला होता. अच्युतरावांना वाटलं, आता बोलेल. आता अगदी शांत आहे. त्यांनी मान किंचित तिच्याकडे कलती केली आणि रस्त्यावर नजर ठेवून वाट पाहिली. जीव कानात गोळा करून वाट पाहिली.

ती काही बोलली नाही.

रस्ता संपून गाडीवाट लागली. दगड, मुळं, मध्ये गवताची पट्टी. जुन्या दिवसांत या वाटेवर आतली माणसं डब्यातल्या चण्यांसारखी वाजायची. आता नुसती हलत होती. कालिंदीबाईंनी पुन्हा इकडे पाहिलं, त्यांच्या बाहीला हात लावला.

टिक.

हात वर गेला.

“थांब... थांब जरा. दारात आहे. तुझ्या दारात.”

त्यांनी गाडी थांबवली, खाली उतरले, वळसा घालून कालिंदीबाईंना उतरवलं आणि त्यांचं दार उघडमीट करू लागले. मुठीने ठोकलं. कान लावला. मग जमिनीवर उताणे होऊन गाडीखाली शिरले. निवृत्त अधिकाऱ्याचे फक्त बूट बाहेर राहिले.

बुवाही उतरले होते. ते आणि कालिंदीबाई एका खडकावर बसून त्या बुटांकडे बघत होते.

“सापडला का रे?” बुवांनी विचारलं.

“नाही,” गाडीखालून आलं. “गाडी थांबली की थांबतो.”

“शहाणा आहे.”

बूट हलले नाहीत. कालिंदीबाईंचे खांदे हलले. मग थांबले, आणि त्यांनी पंच्याचं टोक डोळ्यांना लावलं. अच्युतराव तेव्हा गाडीखाली असल्याने त्यांना हे दिसलं नाही. ते बाहेर आले तेव्हा पाठीला माती होती, हाताला ग्रीस, आणि चेहऱ्यावर परीक्षेत पेपर कोरा दिलेल्या मुलासारखं काहीतरी.

“गुरुवारच्या आत सापडायला हवा,” ते म्हणाले. कोणाला, ते स्पष्ट नव्हतं.

परत सगळे गाडीत बसले.

सड्यावर चढायचा शेवटचा तुकडा वाईट होता. वाट अशी उभी, की समोरच्या काचेत नुसतं आभाळ आणि बोनेट. खाली सुटे दगड, उजवीकडे दरीचा काठ. अच्युतराव ही चढण पुष्कळदा चढले होते. पहिल्या गिअरमध्ये सुरुवात करायची, निम्म्यावर जिथे वाट थोडी आडवी होते तिथे दुसरा टाकायचा आणि जोरात माथा गाठायचा. मध्ये थांबायचं नाही. थांबलं तर चाकाखालचे दगड सुटतात आणि गाडी मागे यायला लागते.

त्यांनी पहिला गिअर टाकला. गाडीने नाक वर केलं.

निम्म्यापर्यंत आली. वाट आडवी झाली. ते क्लचवर पाय दाबणार, तोच...

टिक.

कालिंदीबाई पूर्ण वळल्या होत्या. या खेपेला त्यांनी बाहीला हात लावला नाही, खांदा धरला. ओठ उघडले.

अच्युतरावांचा डावा हात सवयीने वर गेला.

आणि मधल्यामध्ये अडकला.

दोन सीटांच्या मधून बुवांचा हात आला होता आणि त्याने अच्युतरावांचं मनगट धरलं होतं. काठी धरून धरून घट्ट झालेला हात. सुटायचं लक्षण नव्हतं.

“बुवा,” अच्युतराव म्हणाले. “हात सोडा.”

बुवांनी सोडला नाही.

“गिअर बदलायचाय, बुवा.”

पकड तशीच.

वाट पुन्हा उभी झाली. दुसरा गिअर टाकायची जागा मागे गेली. आता थांबता येत नव्हतं. अच्युतरावांनी एका हाताने चाक धरलं आणि दुसरं काहीच करता येत नसल्याने पाय खाली दाबला.

गाडी ओरडली.

इतक्या महिन्यांची गप्प बसवलेली गाडी, पहिल्याच गिअरमध्ये, टाचेखाली शेपटी सापडल्यासारखी ओरडली. काळी चादर, अस्तरं, रबरं, रजई... सगळं असूनही जमिनीखालून, बोनेटमधून, पायांतून तो आवाज वर आला आणि गाडीभर झाला. सीटा थरथरल्या. तांब्यातलं पाणी बुवांच्या मांडीवर सांडलं. टिकटिक होती की नव्हती, देव जाणे.

“बुवा, इंजिन जाईल,” अच्युतराव ओरडले. त्यांना स्वतःलाच नीट ऐकू आलं नाही.

आणि त्याच वेळी त्यांच्या डाव्या कानाला ऊब लागली.

कालिंदीबाई सीटवरून पुढे झुकल्या होत्या. ओठ त्यांच्या कानाला टेकले होते. हात वर जाऊ शकत नव्हता. मान वळवता येत नव्हती. समोर आभाळ होतं आणि उजवीकडे दरी.

“मला भीती वाटते,” ती म्हणाली.

“काय?”

ऐकू आलं होतं. तरी ते म्हणाले, “काय?”

“मला खूप भीती वाटते हो. तेव्हाही वाटत होती. आता गुरुवारची. एवढंच सांगायचं होतं.”

अच्युतरावांच्या डोळ्यांसमोरची वाट क्षणभर पुसट झाली. पहाटे रचलेली ती सगळी कारणं, एकावर एक... त्यांत हे नव्हतं. इतकं साधं काही त्यांना सुचलंच नव्हतं. ते सुचायला आधी स्वतःकडे बघावं लागलं असतं.

त्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि फुंकर निघाली. त्यांचा धडधाकट, निरोगी घसा, आणि फुंकर. इंजिनाच्या आवाजात ती कोणापर्यंत पोचणार नव्हती. ओरडावं लागलं.

“मलाही,” ते ओरडले.

“काय?” कालिंदीबाईंनी कानात विचारलं.

“मलाही भीती वाटते. रोज वाटते. पहाटे वाटते.”

कालिंदीबाईंनी मान हलवली. ती त्यांना गालाशी जाणवली. हे तिला ठाऊक होतं म्हणून हलवली, की ठाऊक नव्हतं म्हणून, ते कळायला मार्ग नव्हता. ती पुढे बोलत राहिली. भुलीचं इंजेक्शन दिल्यावर तोंडात येणाऱ्या कडू चवीबद्दल काहीतरी. सुनेला काही सांगायचं नाही म्हणून. आत नेताना तुम्ही दारापर्यंत या म्हणून. मधलं निम्मं इंजिनाने खाल्लं. अच्युतरावांनी तिला पुन्हा सांग म्हटलं नाही. थांबही म्हटलं नाही. ते गाडी चालवत होते आणि त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं, जे, एकच हात मोकळा असल्याने, पुसता येत नव्हतं.

चढण संपली. सडा आला. सपाट काळा कातळ, वाळकं गवत, वर नुसतं आभाळ. गाडी अजून पहिल्याच गिअरमध्ये किंचाळत चालली होती. एक गुराखी गुरं सोडून तोंड वासून बघत राहिला.

बुवांनी मनगट सोडलं. त्यावर पाच बोटांचे वळ होते.

डावा हात मोकळा झाला. तो गिअरवर गेला नाही. तो कालिंदीबाईंच्या हातात गेला आणि तिथेच राहिला. गाडी तशीच गुरगुरत पादुकांच्या चौथऱ्यापर्यंत आली.

बुवा उतरले. तांब्यात उरलेलं पाणी पादुकांवर घातलं, फार नव्हतं. बाकीचं धोतराला होतं. ते धोतराची ओली बाजू उन्हाकडे करून उभे राहिले, डोळे मिटून. प्रार्थना करत होते की वाळत होते, हे अच्युतरावांना सांगता आलं नसतं.

गाडीत दोघं तसेच बसले होते. कालिंदीबाईंनी उरलेलं संत्रं काढलं आणि अर्धं त्यांच्या हातावर ठेवलं. खरोखरच आंबट होतं. दोघांनी संपवलं.

मग बुवा येऊन मागे बसले, आणि गाडी वळून सड्याच्या काठाशी आली. तिथून वाट खाली पडत होती. खाली मठाचं कौलारू छप्पर, त्याखाली घाट, त्याखाली मैदानातलं धुरकट शहर, जिथे गुरुवार होता.

अच्युतरावांनी गाडी काठावर थांबवली.

“बुवा,” ते म्हणाले. आरशात न बघता म्हणाले. “राहील का हो तिचा आवाज?”

बुवांनी कोपरं पुढच्या सीटांच्या पाठींवर टेकवली.

कालिंदीबाईही मागे वळल्या होत्या. त्यांच्या तोंडावर तोच प्रश्न होता.

बुवांनी दोघांच्या मधून खाली वाटेकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“उतार फार आहे,” ते म्हणाले. “पहिल्यातच ठेव. इंजिन ओरडेल... ओरडू दे.”